जोगेश्वरीच्या कपाटातला रेनॉल्ड्स

दिवाळीच्या आधी जोगेश्वरी पूर्वेच्या खासगी वाचनालयांत वर्षातली सगळ्यांत मोठी लगबग असते. अंकांची योजना सुरू व्हायची असते. ठरावीक रक्कम भरायची आणि संक्रांत उलटून जाईपर्यंत एकेक अंक घरी न्यायचा. नव्या अंकांना जागा हवी म्हणून कपाटं सरकवली जातात आणि तळाच्या खणातली पुस्तकं टेबलावर येतात. खाकी पुठ्ठ्यात शिवलेली, पाठीवर शाईनं क्रमांक घातलेली, पहिली चार पानं गळालेली. वरच्या थरात नारायण धारप आणि गुरुनाथ नाईक. त्याखाली बाबूराव अर्नाळकर. आणि अगदी तळाशी गोविंद नारायण दातारशास्त्री.

संपादकांनी यंदा विस्मरणात गेलेल्या लेखकांवर लिहायला सांगितलं तेव्हा माझ्या मनात दातारशास्त्रीच होते. त्यांच्यासाठीच मी हा खण उपसायला बसले. वाचनालय चालवणाऱ्या काकांनी एकेक पुस्तक झटकून माझ्याकडे सरकवलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक खुणा होत्या: एक फुली, एक टिंब घातलेला चौकोन, कुणाचं तरी आद्याक्षर. "हे वाचून झालंय हे ज्याचं त्याला कळावं म्हणून," काका म्हणाले. "रहस्यकथेची नावं सारखीच वाटतात ना. घरी नेऊन दहा पानं वाचल्यावर कळायचं की अरे, हे तर झालंय. मग लोक खूण करायला लागले. आम्हीही कधी ओरडलो नाही."

त्या खुणा बघताना मला दातारशास्त्रींच्या मागचा माणूस आठवला. त्याचं नाव या वाचनालयाच्या एकाही वहीत नाही. तो मराठी नव्हता आणि मुंबईला कधी आला नाही. पण हा तळाचा खण ज्या सवयीवर उभा आहे, ती मराठी माणसाला लावण्यात त्याचा मोठा हात आहे. जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स. जन्म १८१४, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सँडविच गावी. मृत्यू १८७९, लंडनमध्ये. गेला तेव्हा पुस्तकव्यवसायाच्या तिथल्या नियतकालिकानं त्याला आपल्या काळातला सर्वांत लोकप्रिय लेखक म्हटलं होतं. डिकन्स जाऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. आज इंग्रजी साहित्य शिकलेल्यांनाही रेनॉल्ड्स कोण हे सांगावं लागतं.

एका पेनीत आठ पानं

रेनॉल्ड्स नौदलातल्या कप्तानाचा मुलगा. सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत घातला, तिथून बाहेर पडला. तरुणपणी पॅरिसला गेला आणि वडिलोपार्जित पैसा तिथे घालवून कफल्लक होऊन लंडनला परतला. पण पॅरिसनं त्याला पुढेही एक गोष्ट दिली. युजीन स्यू या फ्रेंच लेखकाची ‘पॅरिसची रहस्यं’ ही कादंबरी १८४२-४३ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रातून क्रमशः येत होती आणि सगळं शहर तिच्या मागे लागलं होतं. १८४४ मध्ये रेनॉल्ड्सनं ‘द मिस्टरीज ऑफ लंडन’ सुरू केली.

तिची विक्री कशी चाले ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. डिकन्सच्या कादंबरीचा मासिक भाग एक शिलिंगला मिळे. रेनॉल्ड्सचा साप्ताहिक भाग एक पेनीला, म्हणजे शिलिंगच्या बाराव्या हिश्शाला. आठ पानं, दोन रकाने, बारीक टाइप, दर्शनी पानावर एक लाकडी ठशाचं चित्र. चित्रात हमखास खंजीर, बेशुद्ध बाई किंवा तळघराचा जिना. पानं संपली की गोष्ट थांबे, मग पात्र कड्यावरून लोंबकळत असो की दारावर थाप पडलेली असो. आठवड्याला चाळीस हजार प्रती खपत असं सांगतात. हातात एक पेनी असलेला प्रत्येक माणूस ग्राहक होता. ज्याच्याकडे तीही नव्हती, तो ऐकणारा होता.

ऐकणाऱ्यांची नोंद आहे. लंडनच्या गरिबांवर हेन्री मेह्यूनं जो प्रचंड वृत्तान्त लिहिला, त्यात हातगाडीवर भाजी-मासळी विकणारे लोक येतात. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नसे. संध्याकाळी वस्तीच्या चौकात ते एका साक्षर माणसाभोवती जमत आणि रेनॉल्ड्स ऐकत. चित्रात काय चाललंय हे विचारत, कंटाळवाणा भाग आला की पुढे जायला सांगत. सभ्य समीक्षकांना हा लेखक असह्य होता आणि डिकन्सला त्याचा मनापासून तिटकारा होता. पण या चौकातले लोक आपल्या मोजक्या पैशांतून त्यालाच निवडत होते. ती निवड मला महत्त्वाची वाटते.

त्यामागे कारण होतं. रेनॉल्ड्स चार्टिस्ट होता, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीतला. मार्च १८४८ मध्ये ट्रफाल्गर चौकातल्या बंदी घातलेल्या सभेत तो अध्यक्ष म्हणून उभा राहिला. १८५० मध्ये त्यानं काढलेलं साप्ताहिक पत्र त्याच्या पश्चात अनेक दशकं चाललं, ते १९६७ मध्ये बंद पडलं. त्याच्या कादंबरीतला खलनायक बहुधा उमराव, सावकार किंवा पाद्री असतो. मध्येच गोष्ट थांबवून तो शिवणकाम करणाऱ्या बाईला शर्टामागे किती पैसे मिळतात याचा हिशेब मांडतो. भयकथेच्या मध्यात मजुरीचा हिशेब वाचताना आजही दचकायला होतं.

लांडगा, मांत्रिक आणि तळघर

‘मिस्टरीज ऑफ लंडन’मध्ये भूत नाही, पण भुतापेक्षा भयानक माणसं आहेत. सगळ्यांत गाजलेला अँथनी टिडकिन्स. ताजी मढी उकरून वैद्यकीय शाळांना विकणारा. सुरुवातीलाच एक मुलगी पुरुषवेशात वादळी रात्री स्मिथफील्डच्या पडक्या घरात आसरा घेते. तिथले चोर तिला पाहतात आणि जमिनीतली झडप उघडून खाली वाहत्या गटारात ढकलून देतात. लंडनच्या पोटातून वाहणारा तो फ्लीट नाला खरा होता. वाचणारा रोज त्याच्यावरून चालत होता.

खरी भुताटकी इतर पुस्तकांत आहे. १८४६-४७ मधल्या ‘वॅग्नर द वेअर-वुल्फ’चा नायक जर्मनीच्या काळ्या अरण्यातला नव्वदी ओलांडलेला मेंढपाळ. नात सोडून गेली आहे, झोपडीत एकटा मरणाची वाट पाहतोय. वादळात एक परका येतो आणि तारुण्य, संपत्ती, बुद्धी देऊ करतो. बदल्यात दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लांडगा व्हायचं. इंग्रजीत मनुष्य-लांडग्यावर एवढी मोठी कादंबरी त्याआधी नव्हती. ती रूपांतराची पानं वाचताना रेनॉल्ड्सला काय येत होतं ते कळतं: हाडं वळतात, अंगावर केस फुटतात, आणि मग तो प्राणी स्मशान, देऊळ, गाव तुडवत सरळ रेषेत धावत सुटतो. ‘द नेक्रोमॅन्सर’ (१८५१-५२) मधला मांत्रिक माणसाच्या आयुष्याहून कितीतरी जास्त जगतो, कारण सैतानाशी केलेल्या करारातून सुटायला त्याला सहा कुमारिका मिळवून द्यायच्या असतात. ‘द ब्राँझ स्टॅच्यू’मध्ये माणसाला कवेत घेऊन चिरडणारी मूर्ती आहे.

त्याचं गद्य उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. विशेषणं ढिगानं येतात, योगायोग तर पानोपानी. पण उद्याच्या आठवड्यासाठी वाचकाला अडकवून ठेवण्याची त्याची हातोटी आजच्या मालिका लिहिणाऱ्यांनी शिकावी अशी आहे.

बोटीनं आलेला लंडन

या पुस्तकांचे जाड, स्वस्त खंड बोटीनं मुंबईला येऊ लागले. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वाचनाचा शोध घेणाऱ्या प्रिया जोशी यांनी दाखवलं आहे की इथल्या वाचकांना सर्वाधिक आवडलेल्या इंग्रजी कादंबरीकारांत रेनॉल्ड्स पहिल्या रांगेत होता. विद्यापीठं मिल्टन आणि स्कॉट शिकवत होती. मुलं शिकत होती त्यांना आणि वाचत होती ह्याला.

हे का झालं? एक कारण त्याची घडण. दुष्ट पूर्ण दुष्ट, सज्जन पूर्ण सज्जन, गोष्टीत गोष्ट, शाप, वेशांतर, हरवलेली भावंडं. ‘मिस्टरीज ऑफ लंडन’च्या सुरुवातीला दोन भाऊ टेकडीवरच्या दोन झाडांखाली बारा वर्षांनी भेटायचं ठरवून वेगळे होतात, एक सन्मार्गाला आणि एक आडमार्गाला. कीर्तनात आणि कहाण्यांत वाढलेल्या माणसाला यात परकं काही नव्हतं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या होत्या, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली होती. अद्भुताला जागा तयार होती.

दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. ‘द मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन’ ही त्याची सर्वांत अवाढव्य मालिका, १८४८ ते १८५६. तिच्यात खलनायक आहे राजपुत्र, पुढे चौथा जॉर्ज झालेला. व्हिक्टोरिया राणी त्याची पुतणी. म्हणजे मुंबईतला कारकून दिवसभर राणीच्या सरकारची बाडं उतरवून काढायचा आणि रात्री कंदिलाशी बसून तिच्या चुलत्याच्या वाड्यातली पापं वाचायचा, तीही एका इंग्रजानं लिहिलेली. राज्यकर्त्यांचं घर आतून असं असतं, हे त्याला इतक्या उघडपणे आणखी कोण सांगणार होतं? १८५७ मध्ये लंडनची बहुतेक पत्रं सूड मागत होती, तेव्हा रेनॉल्ड्सच्या पत्रानं हिंदी शिपायांची बाजू समजून घेतली होती.

पुढे देशी भाषांनी त्याला उचललं. प्रेमचंदांनी आपल्या पहिल्या लेखनाची आठवण सांगताना लिहिलं आहे की तेराव्या वर्षी गोरखपूरला असताना रेनॉल्ड्सच्या उर्दू अनुवादांवर लोकांच्या उड्या पडत. ते स्वतः एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून कादंबऱ्या वाचत, आणि त्या घरी न्यायला मिळाव्यात म्हणून त्याच्या किल्ल्या-गाइडं शाळेत मुलांना विकत. पुढे ‘गोदान’ लिहिणारा माणूस या वाटेनं आला.

त्या काळात जोगेश्वरी कुठे होती? १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, तिच्या थांब्यांत बोरिवली आहे, पहाडी म्हणजे आजचं गोरेगाव आहे, अंधेरी आहे. जोगेश्वरी नाही. इथे शेतं होती, ताडाची झाडं होती आणि टेकडीच्या पोटात कोरलेलं देऊळ होतं.

आपटे, दातारशास्त्री आणि ‘प्रवाळद्वीप’

मराठीत रेनॉल्ड्सचं पहिलं मोठं पाऊल अनपेक्षित ठिकाणी दिसतं. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून क्रमशः आलेली. तिला आधार होता रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’चा. ही गोष्ट अनेकांना अडचणीची वाटते. मराठी सामाजिक कादंबरीचा जनक, आणि त्याची सुरुवात पेनीच्या पुस्तकातून! मला तिच्यात अडचण दिसत नाही. ‘ओल्ड लंडन’ हे पुस्तक हॉगार्थच्या चित्रांवर रचलेलं: दारू, जुगार, शहरात बिघडत जाणारा तरुण. रेनॉल्ड्सनं स्वतः दारूबंदीच्या चळवळीचं पत्र चालवलं होतं. आपट्यांच्या पुण्यात नवशिक्षित तरुण बाटलीकडे वळत होते, जुनं सुटलं होतं आणि नवं हाती लागलं नव्हतं. त्या मधल्या अवस्थेची गोष्ट सांगायला आपट्यांनी हा सांगाडा घेतला. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ आठवड्या-आठवड्यानं लोकांच्या घरात पोचवली. विषय, भाषा, करुणा सगळं त्यांचं स्वतःचं. क्रमशः लिहिण्याचा सराव मात्र रेनॉल्ड्सच्या सावलीत सुरू झाला होता.

दातारशास्त्रींची गोष्ट वेगळी. १८७३ ते १९४१ हा त्यांचा काळ. ‘अधःपात’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘कालिकामूर्ती’, ‘चतुर माधवराव’, ‘विलासमंदिर’, ‘शालिवाहन शक’ अशी त्यांच्या पुस्तकांची नावं. संस्कृतच्या या शास्त्र्यानं रेनॉल्ड्स पचवला आणि त्याला धोतर-उपरणं नेसवून भारतीय भूमीवर उभं केलं. रेनॉल्ड्सची एक कादंबरी ‘द कोरल आयलंड’ नावाची आहे आणि दातारशास्त्रींची एक आहे ‘प्रवाळद्वीप’. हे नातं त्यांनी लपवायचा खटाटोप केलेला दिसत नाही.

त्यांचं कसब कुठे आहे? युरोपातल्या मठाची, सरदाराच्या गढीची आणि न्यायपीठाची मराठीत सोय लावणं सोपं नव्हतं. पाद्र्याच्या जागी पुजारी ठेवून भागत नाही, कारण पाद्री अविवाहित आणि पुजारी संसारी. मग कथेतला अर्धा पेच सुटतो. स्त्री घराबाहेर एकटी कशी पडली याचंही कारण द्यावं लागतं. दातारशास्त्री हे पेच सोडवतात, आणि त्यांचं संस्कृतप्रचुर, डौलदार गद्य भयाला एक गांभीर्य देतं. मी मोठ्यानं वाचून पाहिलं. वाक्य लांब असलं तरी श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. ऐकवण्यासाठी लिहिलेलं असावं तसं ते आहे.

गुंफेत

‘इंद्रभुवनगुहा’ वाचत असतानाच मी जोगेश्वरीच्या गुंफेत गेले. स्टेशनहून पूर्वेला, गर्दीच्या रस्त्यावरून, दुकानांमधून एकाएकी पायऱ्या खाली उतरू लागतात. सहाव्या शतकातलं शैव लेणं. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकानं ते घारापुरीच्या आधीचं मानलं. आत प्रचंड मंडप, रांगेनं खांब, मधोमध गाभारा आणि तिथे योगेश्वरी देवी. बाजूच्या भिंतींवरची शिल्पं इतकी झिजली आहेत की डोळे अंधाराला सरावल्यावरच एखादा हात, एखादा मुकुट हाती लागतो. पावसाळ्यानंतर जमीन ओलीच असते. छतावर, म्हणजे टेकडीच्या पाठीवर, वर्षानुवर्षं घरं होती. त्यांचं सांडपाणी आत झिरपत असे, आणि त्याबद्दल उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

मी तिथे बसले असताना कामावरून परतणारी माणसं येत होती, देवीला हात जोडून निघून जात होती. शाळेची मुलं दप्तरासह पलीकडच्या दारानं बाहेर पडत होती, कारण तो त्यांचा जवळचा रस्ता. रेनॉल्ड्सच्या लंडनचा नकाशा मला इथे उभा असल्यासारखा दिसला. वर दाटीची वस्ती, खाली अंधारी, ओलसर, जुनी जागा, आणि दोन्हींत ये-जा करणारे तेच लोक. त्याचं भय रानात किंवा ओसाड किल्ल्यात राहत नाही. ते शहराच्या जमिनीखाली हातभर अंतरावर असतं. गुहा, भुयार, तळघर हे मराठी रहस्यकथेत इतकं का रुजलं याचं उत्तर फक्त इंग्रजी पुस्तकांत शोधू नये. आपल्या डोंगरांत ती जागा आधीपासून कोरलेली होती.

मोठ्यानं वाचणारे वडील

गुंफेजवळच्या टेकडीवर १९३० मध्ये इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झालं. त्याच्या आधी सरस्वती बाग वसली होती, पु. ल. देशपांड्यांचं लहानपण तिथलं, आणि पुढे ते याच कॉलेजात शिकले. पण तळाच्या खणाचे वाचक मुख्यतः दुसरे. मजासवाडी, मेघवाडी, शामनगर इथल्या चाळींत आणि बैठ्या खोल्यांत राहणारे, कारखान्यांत पाळ्या करणारे. त्यांच्यासाठी अर्नाळकर होते.

बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६ ते १९९६. हजारावर रहस्यकथा लिहिलेला हा माणूस. त्यांच्या धनंजयवर शेरलॉक होम्सची छाया आहे. झुंजार आणि काळापहाड यांचे पूर्वजही विसाव्या शतकातल्या इंग्रजी मालिकांत सापडतात. रेनॉल्ड्सचा एखादा प्रसंग त्यांनी उचलला असं मी म्हणत नाही. पण स्वस्त, पातळ, पुन्हा-पुन्हा येणारी, श्रीमंताच्या बंगल्यातलं पाप उघडं करणारी गोष्ट घेऊन ते जेव्हा आले, तेव्हा ती कशी वाचायची हे लोकांना आधीच माहीत होतं. ते शिक्षण पन्नास-साठ वर्षांचं होतं.

वाचनालयात अंकांची योजना नोंदवायला आलेल्या एक आजी त्या टेबलाशी थांबल्या. अर्नाळकरांचं पुस्तक उचलून त्यांनी आधी शेवटचं पान पाहिलं. "आमचे दादा वाचायचे," त्या म्हणाल्या. दादा म्हणजे वडील. "रात्रपाळी नसली की जेवणं झाल्यावर बाहेर सतरंजी पडायची. शेजारच्या खोल्यांतले सगळे यायचे. दादा वाचायचे आणि अगदी नेमकं दार उघडायच्या वेळी पुस्तक मिटायचे. म्हणायचे, आता उद्या. आई आतून ओरडायची, अहो, एवढं पान तरी संपवा!"

मेह्यूच्या भाजीवाल्यांनी हे लगेच ओळखलं असतं.

तुलनेची वाट

दातारशास्त्रींच्या कादंबऱ्या अधूनमधून नव्यानं छापल्या जातात. रेनॉल्ड्सचे जुने खंडही छायाचित्रित झाले आहेत आणि कुणालाही संगणकावर फुकट वाचता येतात. म्हणजे दोन्ही टोकं हाताशी आहेत. मधली जोडणी कुणीतरी करायला हवी. पुढच्या आवृत्तीला दहा-पंधरा पानांची प्रस्तावना जोडावी: मूळ कोणतं, काय घेतलं, काय टाकलं, कुठे आणि का बदललं. दातारशास्त्रींची उंची त्यामुळे कमी होणार नाही. एखादा प्रसंग परक्या भूमीतून उचलून इथे कसा रुजवला हे समोरासमोर दिसलं तर त्यांचं कसब पहिल्यांदा नीट दिसेल. मराठी विभागांत प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्यांना याहून भरलेलं शेत मिळणार नाही.

ज्यांना आधी रेनॉल्ड्स चाखायचा आहे त्यांनी ‘मिस्टरीज’च्या खंडांत उतरू नये, तिथे दम लागतो. ‘वॅग्नर’ घ्यावा. आकारानं आटोपशीर आहे, सुरुवातीलाच म्हातारा, झोपडी आणि वादळ आहे. आणि त्याच्या सोबतीला ‘प्रवाळद्वीप’ ठेवावं. जोगेश्वरीच्या त्या वाचनालयात प्रत आहे. माझं नाव वहीतून उतरलं की काका ती पुढच्या माणसाला देतील.